डब्लिनचं कस्टम हाउस: घुमटाखालचा काळपट दगड बदलावा का?

मीनल_डब्लिन

नमस्कार मंडळी. लिफी नदीच्या उत्तर काठावरच्या कस्टम हाउसबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. डब्लिनमधली नवअभिजात शैलीतली (म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन इमारतींच्या धर्तीवरची) सर्वात देखणी सरकारी इमारत कुठली, असं विचारलं तर मी डोळे झाकून हिचं नाव घेईन. आराखडा जेम्स गँडनचा. १७८१ साली पायाभरणी झाली आणि १७९१ साली इमारत उघडली. खर्च तेव्हाचे सुमारे दोन लाख पौंड. नदीकडची बाजू ३७५ फूट लांब आहे. मधोमध डोरिक (साध्या ग्रीक धर्तीच्या) खांबांचा पोर्टिको (दर्शनी मंडप), दोन्ही टोकांना पुढे आलेले भाग, त्यांच्या दरम्यान कमानींची ओळ, आणि या सगळ्यावर १२५ फुटांपर्यंत चढलेला हिरव्या तांब्याचा घुमट. घुमटाच्या टोकाला नांगरावर टेकून उभी असलेली १६ फुटी मूर्ती, व्यापाराची.

आता प्रश्न. इमारतीचं अंग पांढुरकं आहे, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून जहाजांतून आणलेल्या पोर्टलंड दगडाचं. पण घुमटाच्या खाली जो खांबांचा गोल आहे, त्याला मी घुमटाची मान म्हणेन, तो करडा-काळपट दिसतो. कारण २५ मे १९२१ रोजी आयरिश स्वातंत्र्ययुद्धात ही इमारत जाळली गेली. आग कित्येक दिवस धुमसत होती. घुमट गेला, आतलं जवळजवळ सगळं गेलं. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या आयरिश सरकारने ती पुन्हा उभारली, तेव्हा मान बांधायला पोर्टलंड न आणता मीथ परगण्यातल्या आर्डब्रॅकनचा चुनखडक वापरला. तो दगड हवेने आणखी काळवंडला.

परवा आमच्या मराठी मित्रमंडळींत यावरून जोरदार वाद झाला. एकाचं म्हणणं, ही दुरुस्ती अर्धवट आहे, कधी ना कधी मान मूळ दगडात करायलाच हवी. माझं म्हणणं, अजिबात हात लावू नये. आग लागली होती हे इमारतीच्या अंगावर दिसतं, ते दिसत राहावं. तुम्हाला काय वाटतं? वास्तुकलेतले जाणकार इथे आहेत, त्यांनी जरूर लिहावं.


बोरीबंदर

उत्तम धागा. पण मी तुमच्या मित्राच्या बाजूने. गँडनने आराखडा केला तेव्हा घुमट, मान आणि अंग एकाच दगडात एकसंध दिसावं हा त्याचा विचार होता. नवअभिजात शैलीचा सगळा जीव प्रमाणबद्धतेत आणि एकसंधपणात असतो. पांढऱ्या सदऱ्याला काळी कॉलर लावली तर नजर कॉलरवरच जाणार, सदऱ्यावर नाही. आग ही घटना पाटीवर लिहा, संग्रहालयात दाखवा. इमारतीच्या गळ्यात कशाला?


शाल्मली

वाखूसा (वाचनखूण साठवली). फोटो टाका ना!


दगडोबा

मीनलताई, दगडाचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं.

दोन्ही चुनखडकच आहेत, पण स्वभाव वेगळा. पोर्टलंड हा इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा, ज्युरासिक काळातला दगड. भिंगातून पाहिलं तर माशांच्या अंड्यांसारखे बारीक गोल कण दिसतात. कापायला सोपा, कोरायला त्याहून सोपा, आणि पावसाने धुतला गेला की पांढरा होत जातो. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलला तोच आहे. आर्डब्रॅकनचा दगड कार्बॉनिफेरस काळातला, त्याहून पुष्कळ जुना आणि घट्ट. ताजा कापला की फिकट करडा असतो. म्हणजे १९२८ च्या आसपास बांधकाम संपलं तेव्हा फरक आजच्याएवढा उठून दिसत नसणार. तो काळाबरोबर वाढत गेला.

आता आगीचं. चुनखडक सुमारे आठशे-नऊशे अंशांना तापला की त्यातला कर्बवायू निघून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. चुन्याच्या भट्टीत हेच करतात. त्यावर बंबाचं पाणी पडलं की तो फुगतो, भुगा होतो. सगळा दगड एवढा तापत नाही, पण कमी तापमानालाही आतले कण वेगवेगळ्या दिशेने प्रसरण पावतात आणि बारीक भेगा पडतात. त्या भेगा लगेच दिसत नाहीत. पुढची पन्नास-साठ वर्षं त्यांत पाणी शिरतं, आणि मग एक दिवस कंगणीचा, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या दगडी पट्टीचा, तुकडा खाली येतो.

म्हणून ‘आग १९२१ ला लागली आणि विझली’ असं दगडाच्या बाबतीत म्हणता येत नाही.


मीनल_डब्लिन

@दगडोबा, हे फार छान समजावलंत. आणि अगदी तसंच झालं इथे. १९८०च्या दशकात इमारतीच्या दगडांची अवस्था इतकी वाईट झाली होती की सरकारच्या सार्वजनिक बांधकाम कार्यालयाला पुन्हा मोठी दुरुस्ती हाती घ्यावी लागली. ती संपली १९९१ मध्ये, इमारतीला २०० वर्षं झाली तेव्हा.


ओसरी

मी पुण्यात वारसा-इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

१९८०च्या त्या दुरुस्तीत भेगांबरोबर आणखी एक शत्रू होता, लोखंड. जुन्या दगडी इमारतींत शेजारशेजारचे दगड एकमेकांना धरून राहावेत म्हणून आत लोखंडी आकडे बसवत. आकडा कोरडा आहे तोवर काही होत नाही. पाणी पोचलं की गंज चढतो, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. ती जागा तो दगड फोडून मिळवतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं दगड खराब होता. प्रत्यक्षात दगड चांगला असतो, त्याच्या पोटातला आकडा त्याला फोडत असतो. कंगणी हा भाग यात सर्वात आधी जातो, कारण तो भिंतीच्या बाहेर आलेला असतो आणि पाऊस थेट त्याच्या माथ्यावर पडतो. आमच्याकडे मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी अमदानीतल्या इमारतींत हेच रोज बघते. उपाय महागडा आणि कंटाळवाणा आहे: दगड सोडवायचे, आकडे काढायचे, न गंजणाऱ्या पोलादाचे नवे बसवायचे, फुटलेल्या जागी नवा दगड तंतोतंत कापून जोडायचा.

बोरीबंदर, तुमचा मुद्दा सौंदर्याच्या बाजूने पटण्यासारखा आहे. पण १९६४ च्या व्हेनिस सनदेत आमच्या व्यवसायाने एक तत्त्व मान्य केलं: हरवलेल्या भागाच्या जागी नवं काही बसवलं तर ते एकूण रचनेशी जुळावं, पण मूळ कामापासून वेगळं ओळखू यावं, म्हणजे बघणाऱ्याची फसवणूक होत नाही. कस्टम हाउसची मान या तत्त्वात चपखल बसते. आकार, प्रमाण, खांब गँडनच्या धर्तीवर. रंग विसाव्या शतकाचा. सनदेच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी केलेलं काम आहे हे, त्यामुळे तत्त्व पाळायला म्हणून कुणी केलेलं नाही. तेव्हा नव्या देशाला आपल्या खाणी आणि आपले पाथरवट जगवायचे होते. पण परिणाम योग्य झाला, आणि मला तो आवडतो.


बोरीबंदर

@ओसरी, सनद मान्य. पण ‘एकूण रचनेशी जुळावं’ हा त्यातला पहिला अर्धा भागसुद्धा तितकाच महत्त्वाचा ना? जुळतंय का ते? लांबून बघणाऱ्या सामान्य माणसाला वाटतं, घुमट धुवायचा राहिला.


उनाड_पाखरू

घुमट धुवायचा राहिला :D :D


खलाशी_जयगड

मी आयुष्यभर व्यापारी जहाजांवर होतो, आता रत्नागिरीजवळ घरी असतो. डब्लिन बंदरात लागल्याची आठवण आहे, पण आमचं जहाज पार पूर्वेला खाडीच्या तोंडाशी. कस्टम हाउस बघायला पायी जावं लागलं, आणि गंमत म्हणजे मी रस्त्याच्या अंगाने, मागून गेलो. मागची बाजूही सुंदरच आहे, चार खांबांचा पोर्टिको आणि वर युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका अशा चार खंडांच्या मूर्ती. पण पूल ओलांडून नदीच्या दक्षिण काठावर गेलो तेव्हा लक्षात आलं, ही इमारत मुळात पाण्यावरून येणाऱ्या माणसासाठी आहे. तिचं तोंड पाण्याकडे आहे. डोलकाठ्यांची जहाजं भरतीबरोबर आत यायची, आणि बंदरात येणारा कप्तान-व्यापारी जो कुणी असेल त्याला पहिलं दर्शन या ३७५ फुटांचं व्हायचं.

आत एक लांब दालन होतं, लाँग रूम म्हणत. ब्रिटिश बंदरांच्या बहुतेक मोठ्या जकातघरांत असं दालन असायचं. जहाजाचा कप्तान मालाची यादी घेऊन तिथे यायचा, शपथेवर सांगायचा की एवढाच माल आहे, जकात भरायचा आणि मग माल उतरवायची परवानगी. आमच्या काळात ही सगळी कागदपत्रं एजंट करायचा, आम्हाला खुर्चीवरून उठायचीही गरज नसे. पण दोनशे वर्षांपूर्वीचा तो कप्तान, समुद्रावरून थकून आलेला, त्या खांबांखालून आत जातो तेव्हा त्याला राज्यसत्ता काय चीज आहे हे कळायचंच. इमारत त्यासाठीच एवढी मोठी आहे असं माझं मत.


चिंतूकाका

खलाशीबुवा, मस्त. ती लाँग रूम अजून आहे का?


मीनल_डब्लिन

@चिंतूकाका, नाही. आगीत गेली आणि पुन्हा बांधली नाही. आतमध्ये आता सरकारी कचेऱ्या आहेत, गृहनिर्माण, स्थानिक शासन आणि वारसा या खात्याच्या. गँडनच्या आतल्या कामातलं फार थोडं वाचलं, दक्षिण दारामागचा प्रवेशकक्ष त्यातला मुख्य.


लंडनकर_विनू

खलाशीकाकांनी लाँग रूम म्हटलं आणि मला आमचं लंडनचं कस्टम हाउस आठवलं. थेम्सकाठी, डेव्हिड लेंगने १८१३ ते १८१७ मध्ये बांधलं. १८२५ मध्ये त्याचा मधला भाग, तीच लाँग रूम, खचून खाली आली. पायातले लाकडी खांब निकृष्ट निघाले, ठेकेदाराने फसवलं होतं. लेंगची कारकीर्द त्यात संपली. मधला भाग रॉबर्ट स्मर्कने नव्याने बांधला. त्या मानाने गँडनने दलदलीवर बांधूनही इमारत हलली नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. आणि आग लागूनही भिंती उभ्या राहिल्या.


दगडोबा

@लंडनकर_विनू, बरोबर प्रश्न पकडलात. गँडनला मिळालेली जागा म्हणजे नदीकाठची चिखलट भरावाची जमीन. खणलं की पाणी. त्याने सुटे खांब ठोकण्याऐवजी जाड तुळयांची जाळी आडवी अंथरली, मधल्या जागा भरून काढल्या आणि त्या तराफ्यावर भिंती चढवल्या. वजन एका ठिकाणी न पडता सगळीकडे वाटलं गेलं.

लाकूड कुजलं कसं नाही, असा प्रश्न बरेच जण विचारतात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. कायम पाण्याखाली असलेल्या लाकडापर्यंत हवा पोचत नाही, म्हणून ते शतकानुशतकं टिकतं. धोका पाण्याची पातळी खाली गेली तर. म्हणजे ज्या पाण्याने गँडनला बांधताना छळलं, तेच आज इमारत सांभाळतंय.


शाल्मली

बाप रे, हे फारच रोचक. आणि त्या जागेची निवड कुणी केली? एवढी चिखलाची जागा कशासाठी?


मीनल_डब्लिन

@शाल्मली, त्यामागे जोरदार राजकारण होतं. जुनं जकातघर नदीच्या वरच्या अंगाला, एसेक्स पुलाजवळ होतं. तिथपर्यंत मोठी जहाजं येऊ शकत नव्हती. महसूल खात्याचा प्रमुख जॉन बेरेसफर्ड याने ठरवलं की नवीन इमारत समुद्राच्या दिशेने, खाली न्यायची. त्याबरोबर शहराचं केंद्रच पूर्वेला सरकणार होतं, आणि जुन्या भागातल्या व्यापाऱ्यांच्या दुकानांचे, घरांचे भाव पडणार होते. त्यांनी कडाडून विरोध केला. बेरेसफर्डने गँडनला १७८१ मध्ये लंडनहून जवळजवळ गुपचूप आणलं. सुरुवातीला तो घराबाहेरही फारसा पडत नसे. नॅपर टँडी या लोकप्रिय पुढाऱ्याच्या मागून जमाव कामाच्या जागेवर चालून आला आणि कुंपण मोडून गेला. गँडन म्हणे काठीत तलवार लपवून कामावर जायचा.

एक जोड माहिती: याच गँडनला रशियातून सेंट पीटर्सबर्गला येण्याचं निमंत्रण होतं. तो तिकडे गेला असता तर डब्लिनला ना कस्टम हाउस मिळालं असतं, ना फोर कोर्ट्स हे न्यायालय. ती दुसरी इमारतही त्याचीच, आणि तीही १९२२ मध्ये आयरिश यादवी युद्धात जळली. एका माणसाच्या दोन थोर इमारती, एकाच नदीवर, वर्षभराच्या अंतराने आगीत.


टिळकरोड

व्यापाऱ्यांचा विरोध वाचून आपल्याकडच्या भाजी मंडईच्या स्थलांतराची आठवण झाली. जग सगळीकडे सारखंच.


उनाड_पाखरू

मला एक कळत नाही. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांनी स्वतःच्या शहरातली सर्वात सुंदर इमारत का जाळली? बॅरेक्स जाळा, पोलीस चौक्या जाळा. ही का?


शाल्मली

@उनाड_पाखरू, कारण ती सुंदर होती म्हणून नाही, आत काय होतं म्हणून. जकातीचं महत्त्व कमी झाल्यावर तिथे ब्रिटिश प्रशासनाची खाती आली होती. स्थानिक शासन मंडळ, प्राप्तिकर वगैरे. ही कागदपत्रं नष्ट झाली तर ब्रिटिशांना आयर्लंडमध्ये कर वसूल करणं आणि कारभार चालवणं अशक्य होईल, हा हिशेब होता. भर दुपारी आयआरए या आयरिश स्वातंत्र्यसेनेचे शंभरावर स्वयंसेवक रॉकेलचे डबे घेऊन आत शिरले. पाच स्वयंसेवक मारले गेले, नागरिकही मेले, आणि बरेच पकडले गेले. डब्लिनच्या तुकडीचं त्यात मोठं नुकसान झालं. पण सात आठवड्यांत, ११ जुलैला, युद्धविराम झाला.

मी अभिलेखागारात काम करते, त्यामुळे मला या घटनेचं दुःख दुसऱ्या बाजूने होतं. गरिबांसाठीच्या कायद्याचा कारभार याच इमारतीतून चालत असे. म्हणजे १८४० च्या दशकातल्या आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात अन्नछत्रं, अनाथ, गरीबगृहं यांचा जो पत्रव्यवहार होता, त्यातला फार मोठा साठा तिथे जळला. ज्या लोकांचा आवाज आधीच फार कमी नोंदला गेला होता, त्यांचा उरलासुरला माग गेला. दगड पुन्हा आणता येतो. तो कागद परत येत नाही.


चिंतूकाका

शाल्मली, हे वाचून खरंच वाईट वाटलं.


खलाशी_जयगड

दुष्काळाचं निघालं म्हणून सांगतो. पोर्टिकोच्या वरच्या त्रिकोणातलं शिल्प नीट बघा. ब्रिटन आणि आयर्लंड अशा दोन देवता एकमेकींना मिठी मारून शिंपल्याच्या रथात बसल्या आहेत, रथाला समुद्री घोडे, मागे व्यापारी जहाजांचा ताफा, आणि समुद्रदेव नेपच्यून उपासमार आणि निराशा यांना हाकलून लावतो आहे. हे १७९१ च्या आधीचं शिल्प. पन्नास-पंचावन्न वर्षांनी त्याच धक्क्यावरून उपाशी माणसं जहाजात चढून अमेरिकेला गेली. सुमारे दहा लाख मेले, तितकेच देश सोडून गेले, आणि त्याच काळात धान्य आणि गुरं बंदरांतून बाहेर जात होती. इमारतीपासून थोडं पूर्वेला धक्क्यावर रोवन गिलेस्पीने केलेले दुष्काळग्रस्तांचे काशाचे पुतळे आहेत, १९९७ सालचे. हडकुळे, गाठोडी छातीशी धरलेले. ते पाहून मग वर त्या त्रिकोणाकडे पाहिलं की माणूस गप्प होतो. मी तरी झालो.


उनाड_पाखरू

मग त्या ब्रिटनबाईची मिठी स्वतंत्र आयर्लंडने ठेवली कशी? पुन्हा बांधताना काढून टाकायला हवी होती!


ओसरी

@उनाड_पाखरू, नाही काढली आणि मला त्याबद्दल त्या सरकारचं मनापासून कौतुक वाटतं. नुकतंच युद्ध झालेलं, यादवी झालेली, तिजोरीत पैसे नाहीत. पाडून टाका, इंग्रजांची खूण आहे, असं म्हणणं सोपं होतं. त्यांनी तसं न करता फोर कोर्ट्स, कस्टम हाउस आणि ओकॉनेल रस्त्यावरचं मुख्य टपालघर, तिन्ही इमारती उभ्या केल्या. इमारत कुणी बांधली यापेक्षा ती आता कुणाची आहे हे त्यांनी महत्त्वाचं मानलं. आत नव्या देशाच्या कचेऱ्या बसवल्या. याहून मोठा ताबा कुठला?


बोरीबंदर

हे पटलं.

पण मग आमच्याकडे बघा. मुंबईचा टाउन हॉल, एशियाटिकची इमारत, १८३३ ची, त्याच नवअभिजात कुळातली, कर्नल थॉमस काउपरची. ग्रीक डोरिक खांब, तीस पायऱ्या. ते खांबही समुद्रमार्गेच आले, आणि काही खांब जास्त झाल्यामुळे भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले असं सांगतात. आज शेकडो लोक पायऱ्यांवर फोटो काढतात, पण वर जाऊन खांबाला हात लावून दगड कुठला हे बघणारा एखादाच.


टिळकरोड

+१. त्या पायऱ्यांवर बसून खाल्लेला वडापाव हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.


शाल्मली

मीनल, फोटो अजून आले नाहीत!


मीनल_डब्लिन

फोटो रविवारी, वचन. तोवर माझ्या सर्वात आवडत्या गोष्टीबद्दल लिहिते, जी या धाग्यात अजून आलीच नाही.

इमारतीच्या दारा-कमानींच्या माथ्यावरच्या मधल्या दगडांवर चेहरे कोरलेले आहेत. एकूण १४. एक अटलांटिक महासागर, उरलेल्या १३ आयर्लंडच्या नद्या: लिफी, बॉइन, ब्लॅकवॉटर, बॅन, फॉइल, लॅगन, अर्न, शॅनन, ली, शूर, नोर, बॅरो, स्लेनी. कोरणारा एडवर्ड स्मिथ, तोवर फारसं नाव नसलेला डब्लिनमधला कारागीर. गँडनने त्याचं काम पाहिलं आणि ओळखलं. प्रत्येक चेहरा वेगळा आहे. दाढीतून पाणी वाहतं, केसांत फळं, शेवाळ, मासे. तेरा नद्यांपैकी फक्त एकच स्त्री आहे, लिफी, आणि ती मुख्य दारावर. बाकी सगळे दाढीवाले बुवा. आपल्या गंगा-गोदावरी-कृष्णेची सवय असलेल्या मला हे सुरुवातीला फार विचित्र वाटलं होतं.

१९२८ साली आयर्लंडने स्वतःच्या नोटा काढल्या तेव्हा त्यांच्या मागच्या बाजूला याच नदीमुखांची चित्रं छापली. म्हणजे जळालेली इमारत अजून पुरती उभी होत होती आणि तिच्यावरचे चेहरे लोकांच्या खिशात पोचले होते. पोर्टिकोवरच्या पट्टीत बैलांची मुंडकीही आहेत, गोमांसाच्या व्यापाराची खूण. नद्या, गुरं, जहाजं, खंड. इमारत म्हणजे दगडात लिहिलेली बंदराची खतावणी आहे.


चिंतूकाका

तेरा बुवांमध्ये एकच बाई नाही हो, बारा बुवा आणि एक बाई! गणित :)


दगडोबा

नदीमुखांबद्दल एक सांगतो. एवढं बारीक कोरीव काम दोनशे वर्षांनी वाचता येतं त्याचं श्रेय पोर्टलंडला. आर्डब्रॅकनमध्ये दाढीचा एकेक केस काढणं जास्त कष्टाचं झालं असतं. घट्ट दगड सरळ खांबांना छान, म्हणून मानेला तो शोभतो. ज्याचं काम त्याला दिलंय.


ओसरी

आणि मूळ प्रश्नाकडे यायचं तर खर्चाचाही विचार करा, बोरीबंदर. मान बदलायची म्हणजे वरचा घुमट आणि ती १६ फुटी मूर्ती उचलून धरायची, सगळे खांब सोडवायचे, नवा दगड आणायचा. आणि हे सगळं कशासाठी? जो दगड आज उत्तम अवस्थेत आहे आणि आता शंभरीला टेकलाय तो काढण्यासाठी. तोही आता वारसाच आहे. माझ्याकडे असं काम आलं तर मी नाही म्हणेन. त्याच पैशात कंगणीची निगराणी पन्नास वर्षं होईल, पावसाचं पाणी वाहून नेणारे पन्हाळ दुरुस्त राहतील. वारसा-इमारती बहुतेक वेळा आगीने मरत नाहीत, तुंबलेल्या पन्हाळाने मरतात.


बोरीबंदर

ओसरी, खर्चाचा आणि चांगला दगड काढू नये हा मुद्दा मानतो. तरी जर उद्या काही कारणाने ती मान उतरवावीच लागली, तर पुन्हा बांधताना पोर्टलंड वापरावा या मताला मी चिकटून आहे.


लंडनकर_विनू

मी काळ्या मानेच्या बाजूने. ज्यांना गँडनचा एकसंधपणा हवा आहे त्यांनी आधी लूपलाइन पुलाविरुद्ध मोर्चा काढावा. १८९१ मध्ये बांधलेला तो लोखंडी रेल्वे पूल इमारतीच्या अगदी पश्चिमेला नदी ओलांडतो. ओकॉनेल पुलावरून, जिथून शहर बघायची पद्धत आहे तिथून, इमारतीचं तोंड त्याच्या गर्डरमागे लपतं. ओकॉनेल पुलाच्या जागी आधी जो कार्लाइल पूल होता तोही गँडनचाच. म्हणजे त्याने पूल आणि इमारत एकमेकांसमोर ठेवली, आणि मध्ये रेल्वे आली. दगडाच्या रंगापेक्षा तो घाव मोठा.


मीनल_डब्लिन

@लंडनकर_विनू, शंभर टक्के. पण त्या पुलावरून रोज हजारो लोक कामाला जातात, मीही जाते. गाडीच्या खिडकीतून घुमट बराच जवळ येतो, आणि मानेचे खांब इतके जवळून दुसरीकडून कुठूनच दिसत नाहीत. तिथून पाहिल्यावरच माझं मत पक्कं झालं. जवळून तो दगड मळका अजिबात दिसत नाही. तो वेगळा आहे आणि आपण वेगळा आहे हे लपवत नाही. १९२१ नंतरच्या देशाने स्वतःच्या खाणीतून काढलेला दगड सगळ्यात वर ठेवला, हे मला तरी फार अभिमानाचं वाटतं, मी इथली नसूनही.


नवी_पालवी

पहिलाच प्रतिसाद देतेय. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन डब्लिनला येणार आहे. दोघांना फार चालवत नाही. ही इमारत कुठून पाहावी? आत जाता येतं का?


मीनल_डब्लिन

@नवी_पालवी, स्वागत! इमारतीत अभ्यागत केंद्र आहे, दक्षिण दाराच्या मागेच. वेळा निघण्याआधी बघून घ्या, ऋतूप्रमाणे बदलतात. आधी नदीच्या दक्षिण काठावर, जॉर्जेस की या धक्क्यावर टॅक्सी थांबवा, तिथून सबंध इमारत पाण्यासकट दिसते आणि लूपलाइन आड येत नाही. सकाळी या, पूर्वेचं ऊन शिल्पांवर तिरपं पडतं. मग टॅल्बट पुलावरून पलीकडे. चालणं थोडंच आहे आणि रस्ता सपाट आहे. आईंना मुख्य दारावरची लिफी दाखवा. दुर्बीण असेल तर आणा, घुमटावरच्या मूर्तीचा नांगर नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही.


खलाशी_जयगड

आणि भरतीची वेळ बघून जा, पोरी. ओहोटीला लिफी चिखल दाखवते.